रब्बी ज्वारी : घरची भाकरी, दावणीचा कडबा

केडगाव : नगर, पारनेर, श्रीगोंदा पट्ट्यात रब्बी ज्वारी खरिपातल्या पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, एकरी ४ किलो बी. राहुरी विद्यापीठाचे वाण असे : हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, भारी बागायतीला फुले रेवती.

२०२३ हे वर्ष जगानं भरडधान्याचं म्हणून पाळलं. आपण मात्र कांद्यामागं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, भाव पडले. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला. ज्याच्या घरात ज्वारी होती त्याला निदान दाणा अन् कडबा विकत घ्यावा लागला नाही. कांदा जरूर लावा, पण घरापुरती ज्वारी रानात ठेवाच. काढायला मजूर मिळत नाहीत, ही अडचण मात्र खरीच.