‘मिल’ म्हणजे काय?

लालबाग-परळच्या गिरण्यांत धान्याचा एक दाणाही दळला जात नव्हता. तरी त्यांचे नाव ‘मिल’. असे का?

लॅटिनमध्ये ‘मोला’ म्हणजे दळणाचा दगड. त्याच कुळातून इंग्रजीत आलेला ‘मिल’ म्हणजे दळणघर. युरोपात अशी पुष्कळ दळणघरे नदीच्या पाण्यावर चालत. पुढे त्याच पाणचक्कीवर लाकूड कापले गेले, लोकरीचे कापड कुटले गेले आणि १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे सूतही कातायला घेतले. दगड गेला, चाक राहिले. चाकाबरोबर शब्दही राहिला.

कावसजी दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, ती वाफेवर. म्हणजे आता पाण्याचे चाकही नव्हते! गंमत अशी, की मराठीनेही एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवली: पिठाची ती गिरणी आणि कापडाचीही गिरणीच. त्यावरूनच वस्ती झाली गिरणगाव.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले हजारो पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कार्यालये. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत मात्र अर्जदारांचा प्रवर्ग अजूनही ‘गिरणी कामगार’ हाच आहे.