एसईव्ही म्हणजे काय? लिनक्स कर्नल एन्क्रिप्टेड व्हर्च्युअल मशीनची तयारी कशी करतो

समजा उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये तुम्ही एक गाळा भाड्याने घेतलाय. कुलूप तुमचं, माल तुमचा; पण मालकाकडे मास्टर चावी आहे. क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) साधारण अशीच असते. डिस्क एन्क्रिप्ट केली, नेटवर्कला टीएलएस लावलं, तरी काम चालू असताना डेटा रॅममध्ये उघडाच असतो. आणि ती रॅम सर्व्हर चालवणारा हायपरव्हायजर वाचू शकतो.

आता अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचा विचार करा. पेशंटचे रिपोर्ट क्लाउडवर आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्याचीच राहते. म्हणून "सर्व्हरवाल्यालाही दिसू नये" ही मागणी फक्त मोठ्या बँकांची राहिलेली नाही.

एसईव्ही काय करतं?

एसईव्ही म्हणजे सिक्युअर एन्क्रिप्टेड व्हर्च्युअलायझेशन. एएमडीने हे तंत्र २०१६ मध्ये जाहीर केलं आणि २०१७ च्या एपिक प्रोसेसरमध्ये आणलं. प्रत्येक व्हीएमला स्वतंत्र एईएस की मिळते. ही की प्रोसेसरच्या आतला वेगळा छोटा सिक्युरिटी प्रोसेसर (पीएसपी) तयार करतो आणि मेमरी कंट्रोलरमध्ये भरतो. कर्नल किंवा हायपरव्हायजरच्या हाती ती येतच नाही.

याच्या तीन पायऱ्या आहेत:

• एसईव्ही: फक्त मेमरी एन्क्रिप्ट होते. होस्टसाठी सपोर्ट लिनक्स ४.१६ (२०१८) पासून.
• एसईव्ही-ईएस: व्हीएम थांबते तेव्हा सीपीयू रजिस्टरही एन्क्रिप्ट होतात. होस्ट सपोर्ट ५.११ (२०२१) पासून.
• एसईव्ही-एसएनपी: होस्टला व्हीएमच्या पानांची अदलाबदल करता येत नाही. होस्ट सपोर्ट ६.११ (२०२४) पासून.

कर्नल सुरू होताना नेमकं काय घडतं?

१. सीपीयूची चौकशी. कर्नल सीपीयूआयडी सूचनेने विचारतो: एसईव्ही आहे का, पेज टेबलमधला कोणता बिट "हे पान एन्क्रिप्टेड" असं सांगतो (याला सी-बिट म्हणतात), एका वेळी किती एन्क्रिप्टेड व्हीएम चालतील. इथे एक मेख आहे. बायोसने मेमरी एन्क्रिप्शन चालू केलेलं नसेल तर सीपीयूत क्षमता असूनही कर्नल ती "नाही" असं धरून चालतो.

२. एसएनपीसाठी आरएमपी टेबल. एसएनपी हवं असेल तर प्रत्येक पानाचा मालक कोण याची नोंदवही लागते. ४ केबीच्या दर पानामागे १६ बाइट, म्हणजे २५६ जीबी रॅमसाठी सुमारे १ जीबी जागा. ती बायोस आधीच राखून ठेवतो. आयओएमएमयू पासथ्रू मोडमध्ये असेल तर कर्नल एसएनपी बंद ठेवतो. एकदा चालू झालेलं एसएनपी रीबूटशिवाय बंद होत नाही.

३. पीएसपीशी हातमिळवणी. सीसीपी ड्रायव्हर पीएसपी शोधतो, फर्मवेअरची आवृत्ती विचारतो आणि डिस्कवर नवीन फर्मवेअर असेल तर ते चढवतो. मग आधी एसएनपीची आणि नंतर साध्या एसईव्हीची इनिट कमांड जाते. ही कमांड यशस्वी झाल्याशिवाय एकही एन्क्रिप्टेड व्हीएम सुरू होत नाही.

४. केव्हीएमची तयारी. केव्हीएमचं एएमडी मॉड्यूल नेस्टेड पेजिंग वगैरे गरजा तपासतं आणि एएसआयडींचा हिशेब मांडतं. एएसआयडी म्हणजे व्हीएमचा की-नंबर. पहिल्या पिढीच्या एपिकवर असे फक्त १५ होते, दुसऱ्या पिढीत ५०९ झाले. नंबर संपले की नवी एन्क्रिप्टेड व्हीएम नाही, रॅम कितीही मोकळी असो. वापरलेला नंबर दुसऱ्याला देण्याआधी कॅश साफ करावी लागते, नाहीतर जुन्या कीचा डेटा आत अडकून राहू शकतो.

सगळं नीट झालं तर कर्नल लॉगमध्ये "एसईव्ही एनेबल्ड" आणि पुढे एएसआयडींची रेंज दिसते.

नेहमी अडतं कुठे?

मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा साधं एसईव्ही चाललं, पण ईएस काही केल्या चालू होईना. दोन दिवस कर्नल पुन्हा पुन्हा कंपाइल केला. बदलापूर लोकलमध्ये उभ्याने लॉग वाचताना रेंजकडे लक्ष गेलं: ती १ पासून सुरू होत होती. नियम असा आहे की किमान नंबरच्या खालचे एएसआयडी ईएस आणि एसएनपीला मिळतात. किमान १०० असेल तर १ ते ९९ त्यांचे, १०० पासून पुढचे साध्या एसईव्हीचे. किमान १ म्हणजे ईएसच्या वाट्याला शून्य! बायोसमध्ये एक आकडा बदलला आणि काम झालं. दोष कर्नलचा नव्हता, मीच लॉग नीट वाचला नव्हता.

दुसरी चूक कर्नल कॉन्फिगमधली. केव्हीएम-एएमडी कर्नलमध्ये बिल्ट-इन आणि सीसीपी ड्रायव्हर मात्र मॉड्यूल, असं ठेवलं तर एसईव्हीचा पर्यायच मिळत नाही. कारण सरळ आहे: केव्हीएम जागा होईल तेव्हा पीएसपीशी बोलणारा कोणी हजरच नसेल. दोन्ही बिल्ट-इन ठेवा किंवा दोन्ही मॉड्यूल.

मग डेटा पूर्ण सुरक्षित झाला का?

नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी "सेव्हर्ड" हल्ला दाखवला. की न फोडता, हायपरव्हायजरने फक्त पानांची जागा बदलून व्हीएमकडूनच उघडा डेटा बाहेर काढला. एसएनपीची नोंदवही अशाच हल्ल्यांवरचा उपाय आहे. पण साइड-चॅनल हल्ले आणि तुमच्या अॅपमधली भोकं याने बुजत नाहीत. पासवर्ड "१२३४५६" असेल तर एन्क्रिप्टेड रॅम काय करणार?

म्हणून क्लाउड घेताना नुसतं "कॉन्फिडेन्शियल व्हीएम आहे का" एवढंच विचारू नका. एसईव्ही आहे की एसएनपी, हे विचारा. आणि अटेस्टेशन रिपोर्ट, म्हणजे चिपने सही केलेला पुरावा, स्वतः तपासा. व्हीएमच्या आतल्या कर्नल लॉगवर शेवटचा भरवसा ठेवू नका, कारण ती व्हीएम सुरू करून देणारा मालकच आहे. गाळ्याला नवीन कुलूप लागलंय असं मालकाने सांगणं वेगळं आणि आपण स्वतः ओढून बघणं वेगळं.