संपाच्या दिवशी तुरुंगाचा झाडू कुणाच्या हातात?

मार्च २०२३. जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी १४ तारखेला संपावर गेले होते. शुक्रवार पेठेतल्या आमच्या अभ्यासवर्गात त्याच्यावर बोलणं चाललं होतं. एका पोरानं मधेच विचारलं, "काका, शाळा बंद पडली तर पोरं घरी जातात. जेलमधला कारकून, कंपाउंडर, झाडूवाला संपावर गेला तर कैदी कुठं जाणार?"

पोराचा प्रश्न बरोबर होता. कैदी कुठंच जात नाही. त्याला भाकरी लागते, पाणी लागतं, औषध लागतं, संडास लागतो. म्हणून सरकार म्हणतं, तुरुंगाचं काम एक दिवसही थांबता कामा नये. हे खरंच आहे. पण न थांबणारं हे काम कुणाच्या मानेवर ठेवलं, ते सरकार सांगत नाही. ते आपण इतिहासातून काढलं पाहिजे.

इंग्रजांनी १८९४ साली तुरुंगांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं आपल्याकडं तोच चालला. त्याचं ५४ वं कलम बघा. जेलर किंवा त्याच्या हाताखालचा कुणीही नोकर परवानगीशिवाय, किंवा दोन महिन्यांची लेखी नोटीस न देता काम सोडून गेला, रजा संपूनही मुद्दाम आला नाही, तर तो गुन्हेगार. त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. २०० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. त्याच कलमात भ्याडपणा हाही गुन्हा. म्हणजे कैद्यावर पहारा करणारा माणूस एका सहीनं स्वतः कैदी होऊ शकत होता.

साधा मालक नोकराला काढून टाकतो, पगार कापतो. इथं नोकरानं पाय मागं घेतला की तुरुंग! ही युक्ती जुनीच. १८५९ च्या कायद्यात आगाऊ पैसे घेतलेल्या मजुरानं काम सोडलं तर त्याला शिक्षा होती. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. तुरुंगाच्या नोकराच्या मानेवरचं जू मात्र तसंच राहिलं.

आपल्या सोलापूरकरांना याचा अर्थ लवकर कळायला पाहिजे. मे १९३० मध्ये या शहरात काही दिवस इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. आपण चौघांची नावं घेतो, घेतलीच पाहिजेत. पण त्या पहाटे ज्यांनी कुलपं काढली, ज्यांनी वह्या भरल्या, त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. त्यातल्या एखाद्याला वाटलं असतं की आज आपल्याच्यानं हे होणार नाही, आणि तो निघून गेला असता, तर ५४ वं कलम त्याची वाट बघत होतं.

आणि सोलापुरात तुरुंग भिंतीपुरता नव्हता. सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना तारेच्या आत ठेवलं. त्यांची हजेरी घेतली, त्यांना गिरणीत कामाला लावलं. परवानगीशिवाय बाहेर गेला की गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा संपला. तार गेली, शिक्का राहिला. काम सोडणं, जागा सोडणं हाच गुन्हा, हे सूत्र सेटलमेंटमध्ये होतं आणि जेलच्या नोकराच्या कराराखालीही तेच होतं.

बाबासाहेबांनी या सूत्रावरच बोट ठेवलं. १९३८ साली मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. संपाला बेकायदा ठरवून शिक्षा करायची त्यात सोय होती. बाबासाहेब विधिमंडळात त्याच्या विरोधात उभे राहिले. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामाला जुंपायचं आणि तो नाही म्हणाला तर तुरुंगात टाकायचं, ही गुलामगिरीच आहे, असं त्यांचं म्हणणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांना बरोबर घेऊन मुंबईत एक दिवसाचा संप केला. तरी बिल पास झालंच. मार्च २०२३ च्या संपातही मेस्मा विधिमंडळात मंजूर झाला. साल बदललं, सूत्र तेच.

पण मित्रहो, इथंच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगू. तुरुंगात संप झाला की काम कोण करतं? कैदी. १८९४ च्या कायद्यानं कैद्यांतूनच 'अधिकारी' नेमायची सोय ठेवली होती; त्यांना सरकारी नोकर समजावं असं २३ वं कलम सांगतं. बाहेरून माणूस आणायची गरजच नाही. आणि कैद्याला काम वाटून देताना नियमपुस्तकानं जात विचारली. बंगालच्या नियमांत स्वयंपाक योग्य जातीच्या कैद्यानं करायचा आणि झाडूकाम मेहतर, हाडी अशा जातींच्या कैद्यांनी करायचं, असं लिहिलं होतं. राजस्थानच्या नियमांत परंपरेनं झाडूकाम करणारे निवडा, असं होतं. म्हणजे एक माणूस पाकीट मारून आत आला. त्याला शिक्षा पाकिटाची झाली, झाडू मात्र बापजाद्यांचा मिळाला.

याच्या उलट बाजू बघा. १८५५ साली बिहारात आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली. बाटण्याच्या भीतीनं कैदी खवळले, मुझफ्फरपुरात गावातले लोकही धावून आले. सरकार घाबरलं, लोटे परत दिले. त्याच्या आधी एकत्र जेवणावरूनही असाच दंगा झाला होता आणि स्वयंपाकाला वरच्या जातीचे आचारी ठेवून सरकारनं मिटवला. जातीची शुद्धता राखायला कैदी उठला तर सरकारनं ऐकलं. ज्याच्या डोक्यावर मैल्याची टोपली होती त्याच्यासाठी नियमपुस्तकात एक ओळही बदलली नाही.

ती ओळ बदलायला २०२४ साल उजाडलं. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातीवर लिहिलं आणि त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं, जात बघून काम वाटणं घटनाबाह्य आहे. १७ वं कलम अस्पृश्यता बंद करतं, २३ वं कलम वेठ बंद करतं. कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा आणि तीन महिन्यांत नियम दुरुस्त करा, असा हुकूम झाला. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा प्रश्नही त्या निकालात आला. आमच्या सेटलमेंटचीच ती कहाणी.

संकट आलं की काय होतं, तेही आपण नुकतंच बघितलं. २०२० च्या कोरोनात राज्यातले काही तुरुंग पूर्ण बंद केले आणि कर्मचाऱ्यांना पाळीपाळीनं आतच ठेवलं. आर्थर रोडमध्ये शंभरावर कैद्यांना लागण झाली, कर्मचाऱ्यांनाही झाली. सोलापूरच्या जिल्हा कारागृहातले कैदीही सुटले नाहीत. गजाच्या अलीकडं आणि पलीकडं रोग सारखाच फिरला.

मग त्या पोराला उत्तर काय द्यायचं? संकटात कैद्याला उपाशी, औषधाविना ठेवायचा हक्क कुणालाच नाही. डॉक्टर, कंपाउंडर, स्वयंपाक, पाणी ही कामं चालू राहिली पाहिजेत, आणि ती कोण करणार हे संघटनेनं संपाच्या आधी ठरवून सांगितलं पाहिजे. पण ती तुरुंगाची धमकी देऊन करून घ्यायची नाहीत. आणि रिकामी जागा जात बघून कैद्याकडून भरायची नाही.

आपली माणसं दाराच्या दोन्ही बाजूंना आहेत. आपला शिकलेला पोरगा आत कारकून होतो, वॉर्डर होतो. लोकसंख्येच्या हिशोबापेक्षा जास्त आपले भाऊ आत कैदी आहेत. एकाच्या संपाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर पडतं, आणि व्यवस्थेला तेच पाहिजे असतं.

म्हणून काम सांगतो. घोषणा नंतर देऊ. माहितीच्या अधिकारात एक अर्ज लिहा. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात सफाई कामगारांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती? त्या रिकाम्या जागांचं काम कोण करतं? रजिस्टरातला जातीचा रकाना निघाला का? उत्तर आलं की अभ्यासवर्गात वाचू. त्या पोरालाच वाचायला लावू.