चार आण्यांची सभासदता आणि वऱ्हाडचा नकाशा

राजकीय पक्षाचा इतिहास आपण बहुधा अधिवेशनांतून वाचतो. अमरावतीकरांना १८९७ची काँग्रेस आठवते. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. परंतु मांडव उतरल्यावर गावात काय उरत असे? वकिलांची बैठक आणि थोडा पत्रव्यवहार, याहून फारसे नाही, असेच म्हणावे लागते.

हे चित्र पालटले ते १९२०च्या नागपूर अधिवेशनातील नव्या घटनेने. वर्षाला चार आणे देणारा प्रौढ स्त्री-पुरुष सभासद झाला. गाव, तालुका, जिल्हा आणि प्रांत अशी समित्यांची उतरंड ठरली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रांत भाषेच्या आधारे आखले गेले. सरकारच्या लेखी १९०३पासून मध्यप्रांत व वऱ्हाड हा एकच कारभार होता. काँग्रेसने त्याचे तीन तुकडे केले: हिंदी मध्यप्रांत, मराठी मध्यप्रांत आणि वऱ्हाड. वऱ्हाड समितीचे ठाणे अमरावतीस. मराठी बोलणारे नागपूर आणि मराठीच बोलणारे वऱ्हाड मात्र वेगळे राहिले, म्हणजे निकष केवळ भाषेचा नव्हता. निजामाच्या मुलखाची जुनी आठवण भाषेहून बळकट ठरली, असे आम्हांस वाटते.

शाखा चालविणे हे मात्र नकाशा आखण्याइतके सोपे नव्हते. १९२४च्या बेळगाव अधिवेशनाने चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत मागितले. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडालाही हे जड गेले असेल. कपाशी शेतात असणे निराळे आणि चरखा घरात फिरणे निराळे. (वर्षभरातच, १९२५च्या पाटण्याच्या बैठकीत, चार आण्यांची वाट पुन्हा मोकळी झाली.) येथील पुढारी मुळात टिळकपंथी. खापर्ड्यांना असहकार मानवला नाही. वऱ्हाड प्रांतिक समितीची धुरा वाहणारे बापूजी अणेही प्रतियोगी सहकारितेच्या बाजूस गेले, आणि त्या पक्षाची परिषद १९२६च्या फेब्रुवारीत अकोल्यासच भरली. वरून आलेला आदेश आणि खालची निष्ठा यांत पडलेले हे अंतर स्थानिक समितीलाच सांभाळावे लागे.

तरी १९३० साली हीच यंत्रणा उपयोगी पडली. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह कुठे करावा? खारपाणपट्ट्यातील दहीहंड्याच्या विहिरींचे खारे पाणी आटवून! हे स्थळ सुचायला त्या मातीची माहिती असलेला कार्यकर्ताच हवा होता. पुसदच्या जंगल सत्याग्रहात अणे स्वतः पुढे झाले. मतभेद असलेला माणूस संघटनेत टिकून राहिल्याचे हे फळ.

पुढे समितीची सूत्रे अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींकडे आली. ‘मातृभूमी’ हे पत्र चालविणारा मारवाडी गृहस्थ मराठी प्रांताच्या काँग्रेसचा प्रमुख होतो, ही गोष्ट अभ्यासकांनी अधिक न्याहाळावयास हवी. संयुक्त महाराष्ट्राच्या वाटाघाटींत वऱ्हाड स्वतंत्र पक्ष म्हणून समोर बसला आणि ऑगस्ट १९४७मध्ये अकोला करार झाला, त्यामागे पक्षाने सत्तावीस वर्षे जपलेली ही सीमारेषा होती.