फासा तोच, पणाला काय?

अयोध्येचा राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालाय. त्याचा रथ हाकणारा बाहुक म्हणजे रूप पालटलेला नळ. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसतं बघून सांगतो, फांद्यांवर पानं इतकी, फळं इतकी. नळाला पटत नाही. तो रथ थांबवून मोजतो. आकडा बरोबर निघतो! हे कसं जमलं, असं विचारल्यावर ऋतुपर्ण म्हणतो, मला अक्षहृदय येतं. म्हणजे फाशांचं मर्म आणि मोजण्याची विद्या.

महाभारताच्या वनपर्वातली ही गोष्ट. झाड बेहड्याचंच असायला कारण आहे. त्या काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत. इंजिनिअरिंगला प्रॉबॅबिलिटी शिकवताना कुणी इथून सुरुवात केली असती, तर मी पहिल्या बाकावर बसलो असतो.

नळ सारथी झाला तोही फाशांमुळेच. भाऊ पुष्कराशी खेळताना तो राज्य हरला आणि दमयंतीला घेऊन नेसत्या वस्त्रानिशी रानात गेला. दमयंती आपल्याकडची, विदर्भाची. तिचं माहेर कुंडिनपूर म्हणजे आजचं वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर, असं परंपरा मानते.

विदर्भाशी जोडलेली दुसरी गोष्ट तेराव्या शतकातली. गुजरातेतल्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव द्यूतात हरला. देणं फेडायला त्यानं बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिनं दिले नाहीत. संसारावरचं मन उडालं आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून तो घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याला गोविंदप्रभू भेटले. हाच हरिपाळदेव पुढे चक्रधरस्वामी म्हणून ओळखला गेला. ‘लीळाचरित्र’ या मराठीतल्या आद्य गद्यग्रंथात म्हाइंभटांनी हा प्रसंग काही न लपवता नोंदवलाय.

देवही यातून सुटलेले नाहीत. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. दिवाळीतल्या बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा, कारण त्या दिवशी पार्वतीनं शंकराला हरवलं अशी कथा आहे. आपल्याकडे पोळ्याच्या आगेमागे पत्त्यांचे फड बसतात, तेही याच कुळातले.

या सगळ्या गोष्टींत फासा एकच प्रश्न विचारतो: कोणाचं काय गेलं?

त्याच फाशाला वेगळा प्रश्न विचारायला लावणारी दुसरी शाखाही भारतातूनच निघाली. सहाव्या शतकाच्या सुमारास इथे चतुरंग खेळला जात होता. पायदळ, घोडदळ, हत्ती, रथ, अशी चार अंगांची सेना पटावर. हा खेळ इराणमार्गे युरोपात गेला आणि त्याचं चेस झालं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचे गणिताचे शिक्षक हेलविग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून हजाराहून जास्त घरांचा केला. घरांना रंग दिले: हा डोंगर, ही नदी, हे दलदल. मग प्रशियाच्या राइसविट्झ बाप-लेकांनी घरंच काढून टाकली. मुलानं १८२४ मध्ये नियम छापले. त्यात खराखुरा नकाशा होता, दोन्ही बाजूंना एकमेकांची सेना दिसत नव्हती आणि मध्ये एक पंच बसत होता. खेळाडूनं हुकूम लिहून द्यायचा, पंचानं फासा टाकून काय घडलं ते सांगायचं. क्रीग्सश्पील, म्हणजे युद्धखेळ.

माझ्या मते खरा बदल इथे झाला. फासा खेळाडूच्या हातून पंचाच्या हाती गेला आणि ‘कोण जिंकलं’च्या आधी ‘पुढे काय झालं’ हा प्रश्न आला. अर्थात हा खेळ निरागस नव्हता. यावर प्रशियाचे अधिकारी खऱ्या लढाईची तालीम करत होते. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई दिवाणखान्यात आणली. लढायचंच तर असं लढा, खऱ्या युद्धापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावाभोवती नेपोलियनच्या काळातली लढाई मांडली. दोन सेनापतींपेक्षा जास्त माणसं आली होती, म्हणून उरलेल्यांना त्यानं गावातली कामं दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला. लढाई बाजूलाच राहिली आणि लोक आपापल्या भूमिकेत शिरून एकमेकांत कट करू लागले. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. लोक म्हणाले, परत कधी? त्या मित्रमंडळातल्या डेव्ह आर्नेसननं गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. यात राजा नाही, शह नाही. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात.

सावंगी (मेघे)त शनिवारी रात्री आम्ही हेच खेळतो. दोन मेडिकलचे इंटर्न, एक बँकेतला आणि मी. दोन वर्षांत कोणी जिंकलेलं नाही, कारण जिंकायची सोयच नाही. आमच्यातल्या एकानं याआधी फोनवर पैसे लावून रमी खेळताना चार पगार घालवले होते. त्यानं बहिणीकडे उसने मागितले तेव्हा घरी कळलं. आता तो आमच्या खेळात एक भित्रा चोर आहे. फाशावर एक पडला की त्याचा चोर कुलूप उघडायच्या ऐवजी अलार्म वाजवतो, आणि सगळ्यात मोठ्यानं हसतो तोच.

अशा ॲपवाल्यांचा युक्तिवाद ठरलेला असायचा: रमी कौशल्याचा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमीत कौशल्याचा भाग मोठा आहे असं म्हटलंही होतं, आणि १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होतीच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावले का, एवढंच पाहिलं.

नळाची गोष्ट मला इथे पुन्हा आठवते. अक्षहृदय शिकला म्हणजे कौशल्य आलंच होतं, तरी राज्य परत मिळवायला त्याला सगळं पुन्हा पणाला लावावं लागलं. तो जिंकला. मग त्यानं पुष्कराला मारलं नाही, हाकललंही नाही. त्याचा वाटा त्याला परत दिला आणि भाऊ म्हणून घरी पाठवलं. खेळ संपल्यावर समोरचा माणूस शिल्लक राहायला हवा, हे नळाला राज्य गमावल्यावर कळलं. पटाभोवती चार मित्र जमले की तेवढं एक आधीच ठरवून बसता येतं.