ग्रंथालय प्रशिक्षण

ग्रंथपालाच्या हाताखाली काम करणारे कुशल सहायक घडवणारे शिक्षण. यात वर्गातील अभ्यासाइतकेच महत्त्व चालू ग्रंथालयातील प्रत्यक्ष कामाला असते. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात पहिली ग्रंथालयशाळा काढली. भारतात सुरुवात बडोद्यात झाली : सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावले आणि पुढच्या वर्षी तेथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगावच्या वाचनालयांना प्रशिक्षित माणसे लागतील, ही त्या राजाची दूरदृष्टी आजही थक्क करते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर मान्यताप्राप्त वाचनालये वाढली, तशी प्रमाणपत्रधारकांची गरजही.

अभ्यासक्रमात दाखल-नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, संदर्भसेवा आणि आता कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या संगणकप्रणाली येतात. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ आणि मराठी कादंबरीला ८९१.४६३ हा अंक मिळतो, हे वर्गात तासाभरात समजते. पण लोकसाहित्यावरचे एखादे पुस्तक साहित्यात ठेवावे की समाजशास्त्रात, हे मांडणीपुढे उभे राहून, वाचक ते कुठे शोधेल याचा विचार करतच शिकावे लागते. म्हणून कार्यानुभवाचे आठवडे कमी करणे चुकीचे. फाटक्या पानांची डागडुजी, साठापडताळणी आणि पुस्तकाचे नाव विसरलेल्या वाचकाला नेमके पुस्तक काढून देणे, ही कामे तिथेच अंगवळणी पडतात.