चंद्र-ग्रह युती, पहाटेची (घाटघर परिसर)

कृष्ण पक्षाच्या अखेरीस, सूर्योदयापूर्वी पूर्व आकाशात चंद्रकोर एखाद्या ग्रहाच्या जवळ दिसणे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील घाटघर (जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे गाव, अकोले तालुक्यातील घाटघर वेगळे) येथून ती नुसत्या डोळ्यांनी पाहता येते.

कारण : ग्रह क्रांतिवृत्तालगत (सूर्याच्या भासमान मार्गालगत) फिरतात व चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे 5° कललेली असते. त्यामुळे 27.3 दिवसांच्या फेरीत चंद्र प्रत्येक ग्रहाजवळून जातो. तो ताशी अर्धा अंश, म्हणजे साधारण स्वतःच्या बिंबाइतका, पूर्वेकडे सरकतो. म्हणून आज ग्रहाच्या वर असलेली कोर दुसऱ्या पहाटे त्याच्या खाली आढळते. चंद्राने ग्रह झाकला, तर त्यास पिधान म्हणतात.

तिथी व ग्रह : चंद्र-सूर्यांमधील अंतर 12° ने बदलले की तिथी बदलते, त्यामुळे कोणत्या पहाटे कोणता ग्रह कोरीजवळ असू शकेल, हे पंचांगावरून ठरवता येते. शुक्र सूर्यापासून सुमारे 47° पलीकडे जात नाही, म्हणून त्याची पहाटेची युती वद्य द्वादशीपासून पुढे घडते. बुधाची मर्यादा 28° असल्याने तो त्रयोदशी-चतुर्दशीलाच कोरीजवळ येतो. मंगळ, गुरू व शनी यांना असे बंधन नाही. चतुर्दशीची कोर सूर्याआधी साधारण तास-दीड तास उगवते.

निरीक्षण : गावाजवळच्या नाणेघाटाचा प्रसिद्ध कडा कोकणाकडे, पश्चिमेस तोंड करून आहे, पहाटे मात्र कुकडीच्या खोऱ्याच्या बाजूची मोकळी जागा निवडावी लागते. पावसाळ्यात ढग व धुके असते. ऑक्टोबरच्या सुमारास पहाटेचे क्रांतिवृत्त क्षितिजाशी जवळजवळ काटकोनात उभे राहते. तेव्हा कोर नावेसारखी आडवी दिसते आणि बुधही वर चढलेला सापडतो. मार्च-एप्रिलमध्ये ते दक्षिणेकडे झुकते व बुध क्षितिजालगतच राहतो. कोरीचा अंधारा भाग पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने मंद उजळलेला असतो. 7×50 द्विनेत्रीत सुमारे 7° आकाश मावते, त्यामुळे जवळची युती एका नजरेत येते. सूर्य उगवण्यापूर्वी द्विनेत्री बाजूला ठेवावी.

परिसर : नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असून त्याच्या आरंभीच्या नमनात इंद्र, संकर्षण व वासुदेव यांच्याबरोबर चंद्र-सूर्यही आहेत. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 पासून आहे, तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे.